घरच्या संगीत सर्व्हरसाठी जुना डेस्कटॉप घेताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे ८०० सीडींचा संग्रह संगणकावर उतरवून तो घरातल्या तीन खोल्यांत आणि फोनवर ऐकता यावा, यासाठी एक सर्व्हर उभारायचा आहे. एका कार्यालयातून निघालेले, कोअर २ ड्युओ प्रोसेसरचे डेस्कटॉप अगदी नाममात्र किमतीला मिळत आहेत. त्यांतले तीन घ्यावेत, एक चालवावा आणि दोन सुट्या भागांसाठी ठेवावेत, असा आपला बेत आहे. बेताची दिशा योग्य आहे. मात्र आपण निवडलेली यंत्रे गरजेपेक्षा जुनी आहेत, आणि तीनऐवजी दोन पुरेशी आहेत. यंत्रे जुनी आहेत असे म्हणताना माझा रोख त्यांच्या वेगाकडे नाही. जुना संगणक घेणारे बहुतेक जण वेगाची काळजी करतात आणि वीज, आवाज व डिस्क या तीन गोष्टी विसरतात, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

संगीत सर्व्हरला काम किती असते, ते आधी आकड्यांत पाहू. सीडीवरील ध्वनी दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन वाहिन्या, अशा स्वरूपात असतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, आणि तासाला जेमतेम ६३५ मेगाबाइट. फ्लॅक या स्वरूपात मूळ ध्वनीला धक्का न लावता ही माहिती साधारण निम्म्या आकारात बसते. अगदी २४ बिट व १९२ किलोहर्ट्झ ध्वनिमुद्रण घेतले, तरी न आवळलेला प्रवाह सेकंदाला ९.२ मेगाबिटांच्या आसपास जातो. चार खोल्यांत चार वेगवेगळी अशी मुद्रणे एकाच वेळी वाजली, तरी ३७ मेगाबिट होतील, आणि अशा जुन्या डेस्कटॉपच्या जाळे-जोडणीचाही (नेटवर्कचा) वेग किमान १०० मेगाबिट असतो. डिस्कवरून फाइल वाचायची आणि ती केबलवर सोडायची, एवढेच मुख्य काम आहे. पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही ते करताना बहुतांश वेळ रिकामाच बसून राहतो. घराबाहेर फोनवर ऐकताना फ्लॅकचे एमपी३ किंवा ओपस या लहान आकाराच्या स्वरूपांत चालता-चालता रूपांतर करावे लागते, तेवढे जरा जड काम. पण ऐकण्याच्या वेगापेक्षा कित्येक पटींनी ते जुने यंत्रही लवकर उरकते. ध्वनीवर गणिती संस्कार करणे, खोलीच्या घुमाऱ्यानुसार दुरुस्ती करणे किंवा डीएसडी स्वरूपात सतत रूपांतर करणे, असे काही आपल्या मनात असेल, तरच प्रोसेसरच्या ताकदीचा विचार करावा. आपल्या प्रश्नात तसे काही दिसत नाही.

यंत्र बहुतेक वेळ रिकामे बसणार असेल, तर ते रिकामे बसताना किती वीज खाते, यावर निवड ठरली पाहिजे. भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर माझ्याकडे आहे आणि हाती आलेले प्रत्येक यंत्र मी त्यावर तासभर ठेवून पाहतो. कोअर २ ड्युओच्या काळातली कार्यालयीन यंत्रे काही न करता ५० वॉटांच्या आसपास घेतात. इंटेलच्या चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ पासून, रिकाम्या अवस्थेतील वापर लक्षणीय घटला. त्या पिढीचे मध्यम आकाराचे यंत्र २० वॉटांच्या आसपास राहते. सहाव्या पिढीचे तसेच यंत्र १५ वॉटांपर्यंत उतरते आणि त्याच पिढीचे जाड पुस्तकाएवढे छोटे यंत्र १० वॉटांच्या आसपास थांबते. वर्षाचे तास ८,७६०. तेव्हा सतत चालू ठेवलेले ५० वॉटांचे यंत्र वर्षाला ४३८ युनिट खाते, २० वॉटांचे १७५, १५ वॉटांचे १३१ आणि १० वॉटांचे साधारण ८८. आपल्या वीजदराने या आकड्यांना गुणून पाहावे. जवळजवळ फुकट मिळालेले यंत्र दोन-तीन वर्षांत नव्या यंत्राएवढे महाग पडलेले मी एकापेक्षा अधिक घरांत पाहिले आहे, आणि ते बिलातून हप्त्याहप्त्याने जात असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

येथे एक अपवाद सांगितलाच पाहिजे. यंत्र खरोखर विनामूल्य हाती आले असेल आणि आपण दिवसातून चार-पाच तासच संगीत ऐकत असाल, तर ते बाकीचा वेळ बंद ठेवण्याची व्यवस्था करता येते. रोज पाच तास चालणारे ५० वॉटांचे यंत्र वर्षाला ९१ युनिट घेते, म्हणजे अहोरात्र चालणाऱ्या १० वॉटांच्या यंत्राइतकेच. जाळ्यावरून विशिष्ट संदेश पाठवून झोपलेले यंत्र उठवण्याची सोय, जिला वेक-ऑन-लॅन म्हणतात, या बहुतेक कार्यालयीन डेस्कटॉपांत असते; फोनवरच्या एका छोट्या ॲपने ती वापरता येते. मी स्वतः तीन वर्षे असे केले. पण घरातल्या इतर माणसांना गाणे लावण्याआधी यंत्र उठवणे नकोसे होते आणि हळूहळू ती सर्व्हर वापरणेच सोडून देतात. संग्रह केवळ आपल्यासाठी असेल तर हा मार्ग उत्तम. कुटुंबासाठी असेल तर सतत जागे राहणारे, कमी विजेचे यंत्रच घ्यावे, असे मी आता ठामपणे सांगतो.

कोणत्या पिढीवर बोट ठेवावे, याचे उत्तर सध्या नेहमीपेक्षा सोपे झाले आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतरीत्या इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्याच प्रोसेसरांवर चालते. त्यामुळे सहाव्या आणि सातव्या पिढीची, एरवी धडधाकट असलेली यंत्रे कार्यालये मोठ्या संख्येने बाहेर काढत आहेत. लिनक्स या विनामूल्य संगणक प्रणालीला या मर्यादेशी काही देणेघेणे नाही, आणि आपला सर्व्हर लिनक्सवरच चालणार असल्याने हा फायदा थेट आपल्या पदरात पडतो. प्रोसेसरच्या चार अंकी क्रमांकातला पहिला अंक पिढी सांगतो: आय५-४५७० हा चौथ्या पिढीचा, तर आय५-६५०० सहाव्या पिढीचा. क्रमांकाच्या शेवटी ‘टी’ असेल, तर तो बहुधा ३५ वॉटांच्या उष्णतामर्यादेचा प्रकार असतो. ही मर्यादा पूर्ण भाराखालची असल्याने रिकाम्या अवस्थेत ‘टी’ आणि साधा यांत फारसा फरक पडत नाही, म्हणून केवळ त्या अक्षरासाठी जास्त पैसे मोजू नयेत. मॉडेलांच्या नावांनी पाहायचे झाल्यास डेलचे ऑप्टिप्लेक्स ३०२० व ९०२० आणि एचपीचे एलिटडेस्क ८०० जी१ हे चौथ्या पिढीचे. ऑप्टिप्लेक्स ७०४०, एलिटडेस्क ८०० जी२ आणि लेनोव्होचे थिंकसेंटर एम९०० हे सहाव्या पिढीचे. चौथ्या पिढीत डीडीआर३ रॅम लागते, सहाव्यात बहुधा डीडीआर४, पण सहाव्या पिढीच्या काही स्वस्त मॉडेलांत डीडीआर३एलही असते, म्हणून जादा रॅम विकत घेण्याआधी झाकण उघडून खात्री करावी. ४ जीबी रॅम या कामाला पुरते. ८ जीबी असेल तर पुढची अनेक वर्षे काही बघावे लागत नाही.

त्याहून जुनी, फक्त ३२ बिटांच्या प्रोसेसरची यंत्रे तर कोणी फुकट दिली तरी घेऊ नयेत. डेबियनसारख्या, जुन्या यंत्रांना वर्षानुवर्षे सांभाळून घेणाऱ्या लिनक्स प्रणालीनेही २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यावर नव्याने स्थापना करण्याची सोय काढून टाकली आहे.

आता आकाराविषयी, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान आकाराच्या अज्ञानातून झाले. कार्यालयीन डेस्कटॉप साधारण तीन आकारांत येतात: उभा टॉवर, आडवे किंवा उभे ठेवता येणारे मध्यम कॅबिनेट, आणि एखाद्या जाड पुस्तकाएवढे छोटे यंत्र. टॉवरमध्ये जागा भरपूर असते, पण संगीतासाठी ती लागत नाही. मध्यम कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची एक डिस्क आणि बहुतेकदा एक सपाट डीव्हीडी ड्राइव्ह बसतो. छोट्या यंत्रात अडीच इंची एक डिस्क आणि सहाव्या पिढीपासून बहुधा एम.२ एसएसडीची, म्हणजे फिरते भाग नसलेल्या पट्टीसारख्या डिस्कची, खाच असते. त्याला वीज बाहेरच्या अडॅप्टरने मिळते. आठ-नऊ वर्षांपूर्वी मी मध्यम आकाराचे एक यंत्र घेतले होते. दीड वर्ष ते तक्रार न करता चालले आणि एके दिवशी त्याचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला. बाजारात सहज मिळणारा एसएमपीएस आणून बसवू, या विश्वासाने मी झाकण उघडले, तेव्हा लक्षात आले की त्याचा आकारही निराळा होता आणि मदरबोर्डकडे जाणारा जोडही प्रचलित २४ पिनांचा नव्हता. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयीन यंत्रांत हे सर्रास आढळते. पंख्यांचे जोडही अनेकदा निराळे असतात. योग्य एसएमपीएस मिळेपर्यंत पाच आठवडे गेले आणि त्या सुट्या भागाला मूळ यंत्राहून अधिक पैसे पडले.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की यंत्र घ्यायचे तर अगदी एकाच मॉडेलची दोन घ्यायची. सुट्या भागांसाठी जास्तीचे यंत्र ठेवण्याचा आपला विचार म्हणूनच मला पटतो. फक्त तिसऱ्याची गरज नाही. दोन्ही यंत्रे तंतोतंत सारखी असतील, तर एक बंद पडताच त्यातली डिस्क काढून दुसऱ्यात बसवली की दहा मिनिटांत संगीत पुन्हा सुरू होते. लिनक्स सहसा कुरकुर न करता नव्या पेटीत उठते. दोन निरनिराळ्या मॉडेलांची यंत्रे मात्र एकमेकांच्या फारशी उपयोगी पडत नाहीत, मग ती एकाच कंपनीची का असेनात. छोटे यंत्र घेणार असाल, तर मूळ अडॅप्टर सोबत मिळतो की नाही हे आधी विचारावे. काही कंपन्यांची यंत्रे अडॅप्टर ओळखून घेतात आणि तो अनोळखी वाटला, तर प्रोसेसरचा वेग मुद्दाम उतरवतात. सगळे सुरळीत दिसत असताना यंत्र रेंगाळू लागते आणि कारण सापडता सापडत नाही.

विकत घेण्यापूर्वीच्या तपासणीसाठी जाताना एका पेनड्राइव्हवर लिनक्सची थेट चालणारी आवृत्ती आणि दुसऱ्यावर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा कार्यक्रम घेऊन जावे, आणि विकणाऱ्याला किमान अर्धा तास लागेल असे आधीच सांगावे. जो विक्रेता झाकण उघडू देत नाही किंवा यंत्र चालू करून दाखवण्यास टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी घेत नाही. झाकण उघडल्यावर प्रथम मदरबोर्डवरचे कपॅसिटर पाहावेत. प्रोसेसरभोवतीच्या उभ्या नळकांड्यांची टोके सपाट असली पाहिजेत. एखादेही फुगलेले किंवा तपकिरी स्राव सुटलेले असेल, तर ते यंत्र परत ठेवावे. एसएमपीएसजवळ नाक नेऊन वास घ्यावा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण जळकट वास कोणत्याही मोजमापाआधी दोष सांगतो. धूळ दिसली तर घाबरू नये, ती झटकता येते. मात्र जोडांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटे किंवा गंज दिसला, तर यंत्र दमट जागी पडून होते असे समजावे.

त्यानंतर यंत्र चालू करून बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीच्या पडद्यात, शिरावे, आणि हे पाऊल कधीही गाळू नये. कार्यालये आपल्या यंत्रांच्या बायोसला परवलीचा शब्द लावून ठेवतात आणि यंत्रे बाहेर काढताना तो काढायला विसरतात. मला असे एक यंत्र मिळाले होते. लिनक्स त्यावर व्यवस्थित बसले, सगळे उत्तम चालले, पण वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये बंद होती आणि ती बदलण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. दर वेळी वीज गेली की माळ्यावर चढून बटण दाबायचे, असे वर्षभर चालले. म्हणून बायोस मोकळा आहे ना, हे पाहावे, आणि तेथेच वीज परत आल्यानंतरची वर्तणूक ‘चालू’ अशी करून ठेवता येते का, याची खात्री करावी. तारीख-वेळ मागे गेलेली दिसली तर सीआर२०३२ हा सेल संपला आहे. तो बदलणे किरकोळ काम आहे, पण विसरल्यास बायोसमधल्या या नोंदी पुसल्या जाण्याचा धोका राहतो. कळफलक आणि पडदा काढून यंत्र एकदा सुरू करून पाहावे. काही यंत्रे कळफलक नाही म्हणून सुरुवातीलाच अडून बसतात. बायोसमध्ये त्याची सूचना बंद करता येते.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झाल्यावर जाळ्याची केबल लावून जोडणी येते का, प्रत्येक यूएसबी जोडात काही लावून ते ओळखले जाते का, हे पाहावे. मेमटेस्टचा एक पूर्ण फेरा व्हायला बराच वेळ लागतो. विक्रेत्याकडे तेवढा वेळ नसेल, तर परत घेण्याची आठवड्याभराची मुदत मागून घरी तो रात्रभर चालवावा. रॅमच्या एका चुकलेल्या बिटामुळे सीडीवरून उतरवलेल्या फाइली नकळत बिघडू शकतात आणि ते महिन्यांनंतर कानाला जाणवते, त्यामुळे ही चाचणी मी अनिवार्य मानतो.

सोबत मिळणाऱ्या हार्ड डिस्कविषयी माझे मत स्पष्ट आहे: तिच्यावर आपला संग्रह ठेवू नये. तरीही तिची प्रकृती तपासावी, कारण त्यातून यंत्राच्या पूर्वायुष्याचा अंदाज येतो. स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कच्या आतल्या नोंदी वाचता येतात. त्यांत ९ क्रमांकाची नोंद एकूण चाललेले तास सांगते. दिवसाला आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस, या हिशेबाने पाच वर्षांच्या कार्यालयीन यंत्राचे साधारण १०,००० तास भरतात. आकडा ४०,००० च्या पुढे असेल, तर ते यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलेले होते आणि त्याच्या पंख्याची व एसएमपीएसची झीजही त्याच प्रमाणात झालेली असणार. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी खराब झालेल्या किंवा खराब होऊ घातलेल्या भागांविषयीच्या असतात, आणि तेथे मूळ मूल्य (रॉ व्हॅल्यू) शून्याहून अधिक असेल तर ती डिस्क निकामी समजावी. १९९ क्रमांकाची नोंद वाढलेली असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो. तपासून झाल्यावर ती डिस्क पूर्ण पुसून टाकावी. तिच्यावर पूर्वीच्या कोणाची तरी खासगी कागदपत्रे असू शकतात, आणि ती न उघडता नष्ट करणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे.

संग्रहासाठी नवी एसएसडी घ्यावी, आणि या एका बाबतीत काटकसर करू नये. एका सीडीला फ्लॅकमध्ये सरासरी ३५० मेगाबाइट धरले, तर ८०० सीडी २८० जीबीत मावतात. १ टीबीची एसएसडी घेतली, तर पुढे वाढायलाही जागा राहते. तिची वीज नगण्य, आवाज शून्य. संग्रह याच्या कित्येक पट मोठा असता, तर मी साडेतीन इंची हार्ड डिस्क सुचवली असती. मोठ्या क्षमतेच्या अडीच इंची हार्ड डिस्का मात्र बहुतेक एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांवर लिहिणाऱ्या असतात आणि मोठा संग्रह लिहिताना फार मंदावतात.

आता बॅकअपविषयी. एक सीडी काळजीपूर्वक उतरवायला दहा मिनिटे धरली, तर ८०० सीडींना १३३ तास लागतील, आणि त्यात गाण्यांची नावे, कलाकार, वर्षे दुरुस्त करण्याचा वेळ धरलेला नाही. संगणक गेला तर दुसरा मिळतो. हे १३३ तास पुन्हा बसून काढण्याची उमेद फार थोड्यांकडे असते. म्हणून एसएसडीवरील सर्व काही एका बाहेरच्या यूएसबी डिस्कवर आरसिंक या प्रत काढणाऱ्या आज्ञेने उतरवून ती डिस्क यंत्रापासून काढून वेगळी ठेवावी, आणि शक्य असल्यास आणखी एक प्रत घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी. यंत्रात दोन डिस्का बसवून एकीचे प्रतिबिंब दुसरीवर ठेवणे, म्हणजे रेड, हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला अल्बम दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो, आणि विजेचा झटका बसला तर दोन्ही एकत्रच जातात.

सीडी उतरवण्याच्या कामातच दुसऱ्या यंत्राचा खरा उपयोग आहे. मध्यम आकाराच्या यंत्रांत डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी काम लावता येते आणि ते १३३ तास निम्मे होतात. लिनक्सवर व्हिपर आणि विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे कार्यक्रम प्रत्येक गाण्याची पडताळणी अ‍ॅक्युरेटरिपच्या नोंदींशी करतात, म्हणजे त्याच सीडीची इतरांनी घेतलेली प्रत आणि आपली प्रत बिटांच्या पातळीवर जुळते का, हे पाहतात. जुळली तर ती सीडी पुन्हा कधी उतरवावी लागणार नाही. जुन्या ड्राइव्हची भिंगे धुळीने मंद झालेली असतात, त्यामुळे घेण्यापूर्वी एक ओरखडे असलेली सीडी पूर्ण वाचून दाखवायला सांगावी. नावे दुरुस्त करण्यासाठी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापरावा, आणि हे काम संग्रह वाढण्याआधी, प्रत्येक सीडीसोबतच उरकावे. नंतर करू म्हणून ठेवलेली ८०० अल्बमांची दुरुस्ती कधीच होत नाही.

सर्व्हर कार्यक्रमांबाबत थोडक्यात सांगतो, कारण ते विनामूल्य आहेत आणि बदलता येतात. खोल्याखोल्यांत एकाच वेळी, एका सुरात तेच संगीत वाजवायचे असेल, तर लिरियन म्युझिक सर्व्हर, म्हणजे पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर, याच्याएवढा मुरलेला पर्याय मला दुसरा माहीत नाही. प्रत्येक खोलीत रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक आणि त्यावर पायकोअरप्लेअर हा वाजवणारा कार्यक्रम ठेवला की ती खोली जोडली गेली. फोनवर, विशेषतः घराबाहेर ऐकण्यासाठी नॅव्हिड्रोम अधिक सुटसुटीत आहे. दोन्ही एकाच डेबियन यंत्रावर, एकाच फोल्डरकडे बोट दाखवून शेजारीशेजारी चालतात. माझ्याकडे तसेच चालतात.

जुन्या संगणकामुळे ध्वनीचा दर्जा घसरेल का, ही शंका अनेकांना येते. सर्व्हर केवळ आकडे पोहोचवतो. ध्वनी तयार होतो तो खोलीतल्या डॅकमध्ये, म्हणजे आकड्यांचे ध्वनिलहरींत रूपांतर करणाऱ्या उपकरणात. पंधरा वर्षांपूर्वीचे यंत्र आणि आजचे यंत्र तेच आकडे पोहोचवतात. मात्र सर्व्हर थेट अँप्लिफायरला जोडणार असाल, तर त्याच्या मागच्या हेडफोन जोडाचा वापर टाळून यूएसबी डॅक लावावा, कारण कॅबिनेटमधली विद्युत खरखर त्या जोडातून ऐकू येते. पंख्याच्या आवाजाचा उपाय सर्वांत सोपा आहे. राउटरजवळ, ऐकण्याच्या खोलीबाहेर यंत्र ठेवावे आणि त्याला वाय-फायऐवजी केबल जोडावी. ते शक्य नसेल, तर डेलचे वाईज ५०७० किंवा एचपीचे टी६२० यांसारखी पंखाविरहित थिन क्लायंट यंत्रे, म्हणजे मोठ्या सर्व्हरला जोडून वापरण्यासाठी बनवलेले छोटे संगणक, पाहावीत. त्यांची साठवण तुटपुंजी असते, पण बाहेरून यूएसबी डिस्क लावली की संगीतासाठी ती पुरेशी ठरतात आणि वीजही छोट्या डेस्कटॉपहून कमी घेतात.

हे सारे लक्षात घेता आपल्यासाठी माझी शिफारस अशी. कोअर २ ड्युओची ती तीन यंत्रे सोडून द्यावीत. सहाव्या पिढीची, मध्यम आकाराची, डीव्हीडी ड्राइव्ह असलेली, एकाच मॉडेलची दोन यंत्रे शोधावीत. सहाव्या पिढीची मिळाली नाहीत तर चौथ्या पिढीचीही चालतील. त्यांच्यासोबत डिस्क नसेल तर उलट चांगले, किंमत तेवढी कमी करून घ्यावी. वाचलेल्या पैशांत १ टीबीची एसएसडी आणि तेवढीच बाहेरची डिस्क घ्यावी. दोन्ही यंत्रांतील धूळ काढून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी, मेमटेस्ट रात्रभर चालवावा, आणि सीडी उतरवायला सुरुवात करण्यापूर्वी दोन्ही यंत्रे एक आठवडा सतत चालू ठेवावीत, कारण जुन्या यंत्रातला लपलेला दोष बहुधा याच आठवड्यात उघड होतो आणि तोवर परत करण्याची मुदतही शिल्लक असते. घेण्याआधी मॉडेलचे पूर्ण नाव, प्रोसेसरचा क्रमांक आणि उघड्या कॅबिनेटचे एखादे छायाचित्र कळवल्यास, त्या विशिष्ट यंत्रात किती डिस्का बसतात आणि त्याच्या एसएमपीएसचा जोड कोणता आहे, हे मी पाहून सांगू शकेन.